पुनर्वापराचं पॉलिप्रॉपिलीन: टक्का मोजायचा की प्रत?

प्लास्टिकच्या वेष्टनात पुनर्वापराचा माल किती टक्के असावा, हे आता कायदा ठरवू लागला आहे. ३० टक्क्यांपेक्षा कमी रीसायकल माल असलेल्या वेष्टनांवर ब्रिटनने एप्रिल २०२२ पासून कर लावला. युरोपीय संघाच्या २०२५ च्या वेष्टन नियमावलीने २०३० साठी लक्ष्यं ठरवली आहेत. पेयांच्या बाटल्या सोडल्या, तर खाद्यपदार्थांसारख्या संवेदनशील मालाशी संपर्क नसलेल्या वेष्टनांना ३५ टक्के आणि असा संपर्क असलेल्या, पण पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) नसलेल्या वेष्टनांना १० टक्के. भारतातल्या उत्पादक-जबाबदारीच्या नियमांनी कडक प्लास्टिकच्या वेष्टनांसाठी २०२५-२६ मध्ये ३० टक्क्यांपासून सुरुवात करून २०२८-२९ पर्यंत ६० टक्क्यांवर जायचं ठरवलं आहे.

या कलमांना माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यांच्यावरच थांबण्याला. भंगार वितळवून केलेला प्लास्टिकचा दाणा चांगला असो की वाईट, वजनकाट्यावर सारखाच भरतो. पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे कारखान्यातल्या बोलीत पीपीची, प्रत बरीचशी वस्तूचा आराखडा काढताना आणि भंगार निवडताना ठरून गेलेली असते. रीसायकलिंगचं यंत्र फार तर ती टिकवतं. म्हणून नियमाने टक्क्याच्या जोडीला चार गोष्टी विचारायला हव्यात: मेल्ट फ्लो किती (म्हणजे वितळलेला माल किती सहज वाहतो), पॉलिइथिलीन हे पिशव्यांचं वेगळं प्लास्टिक किती शिरलं आहे, जाळल्यावर राख किती उरते आणि माल आला कुठून. ही उत्तरं न मागता मोजलेले ३० टक्के म्हणजे नुसती कागदाची भरती.

पीपी म्हणजे तळाशी ५ आकडा असलेलं प्लास्टिक. डबे, झाकणं, बादल्या, खुर्च्या, विणलेली पोती, दोऱ्या, मोटारीचे बंपर, बॅटरीची पेटी, सिरिंज, मास्कचं कापड, सगळं यातलंच. घनता ०.९० ते ०.९१, म्हणजे पाण्यापेक्षा हलकं; होमोपॉलिमर, म्हणजे दुसरं काही न मिसळलेला शुद्ध पीपी, १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळतो. याच्या साखळीत एकाआड एक कार्बनला मिथाइल गट चिकटलेला असतो. हे गट एकाच बाजूला शिस्तीत आले की साखळ्या स्फटिकात नीट बसतात आणि माल कडक, उष्णता सोसणारा होतो. १९५४ मध्ये इटलीत जुलिओ नात्ता यांनी हे साधलं. कार्ल झीग्लर यांच्यासोबत त्यांना १९६३ चं नोबेल मिळालं. पण ज्या कार्बनला मिथाइल चिकटतो, त्याच्यावर उरलेला हायड्रोजन सहज निसटतो. उष्णता, ऑक्सिजन आणि एक्सट्रूडरच्या, म्हणजे प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्राच्या, स्क्रूची घुसळण एकत्र आली की साखळी नेमकी तिथे तुटते. पीपीचं बळ आणि त्याचं दुखणं एकाच जागी आहे.

इथेच पीपीची वाट इतरांपेक्षा वेगळी होते. पॉलिइथिलीन तापवत राहिलं तर त्याच्या साखळ्या बहुधा एकमेकींना चिकटून फांद्या धरतात आणि माल घट्ट होतो. पेटच्या तुटलेल्या साखळ्या निर्वातात तापवून पुन्हा लांब करता येतात, कारण त्यांच्या टोकांना जुळणारे गट असतात. पीपीच्या टोकांना असं काही नाही. तुटलेली साखळी परत जोडण्याचा रोजच्या कारखान्यात चालेल असा स्वस्त उपाय नाही. उलटी वाट मात्र सोपी आहे: चिमूटभर पेरॉक्साइड टाकून साखळ्या मुद्दाम तोडता येतात आणि माल पातळ करता येतो. म्हणजे पीपी घट्टाचं पातळ करता येतं. पातळाचं घट्ट करायचं तर त्यात घट्ट माल मिसळण्याखेरीज गत्यंतर नसतं.

पातळ-घट्ट मोजायचं माप म्हणजे मेल्ट फ्लो. २३० अंशांना, २.१६ किलोच्या वजनाखाली, ठरावीक छिद्रातून १० मिनिटांत किती ग्रॅम माल बाहेर येतो तो आकडा. पोत्यांच्या पट्टीचा दाणा साधारण ३, बादल्या-डब्यांच्या मोल्डिंगचा १० ते १२, पातळ भिंतीच्या कपांचा ४० ते ७०, आणि मास्कमधल्या गाळणीच्या थराचा हजाराच्या वर. या सगळ्यांचा सांकेतिक आकडा ५ हाच आणि भंगारात सगळे एकाच ढिगात पडतात.

आता ३ चा पोत्याचा माल आणि ४० चा कपाचा माल अर्धा-अर्धा मिसळला तर सरासरी २१ येत नाही. मिश्रणाचा मेल्ट फ्लो लॉगरिदमच्या हिशेबाने चालतो, त्यामुळे उत्तर ११ च्या आसपास येतं. बादलीला चालेल असा आकडा. पण पुढच्या ट्रकमध्ये पोती ७० टक्के निघाली तर तोच आकडा ६.५ वर येतो, आणि कप ७० टक्के निघाले तर १८ च्या वर जातो. मोल्डिंग यंत्रावरच्या माणसाला हे कुणी सांगत नाही. सकाळी लावलेल्या दाबावर आणि तापमानावर ६.५ चा माल साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही, वस्तू अर्धवट भरते. १८ चा माल साच्याच्या फटीतून बाहेर येतो आणि कडेला पापुद्रा धरतो. अर्धवट भरणं थांबवायला तो तापमान २५०-२६० वर नेतो, तिथे साखळ्या आणखी तुटतात, आणि त्याच्या कचऱ्यातून झालेलं कात्रण परत हॉपरमध्ये गेलं की पुढची पाळीही बिघडते. दोष मात्र 'रीसायकल माल असाच असतो' म्हणून मालाच्या माथी येतो. खरा दोष असतो तो एका गोणीतून दुसऱ्या गोणीत बदलणाऱ्या आकड्याचा. मेल्ट फ्लो कायम १५ राहणारा रीसायकल दाणा कुणालाही वापरता येतो. ६ ते १८ मध्ये हेलकावणारा दाणा कुणालाच नको असतो. म्हणून मोठे हवेशीर सायलो लावून पाच-दहा टनांचा माल एकत्र घोळवणं, म्हणजे एकजीव करणं, ही चैन समजू नये. पीपीच्या धंद्यात बऱ्याच वेळा हीच पायरी दाणा विकला जाईल की पडून राहील ते ठरवते.

दुसरं दुखणं पॉलिइथिलीनचं. दोघं दिसायला भावंडं, पण वितळल्यावर एकमेकांत विरघळत नाहीत. पीपीमध्ये ५ ते १० टक्के पॉलिइथिलीन शिरलं की कडकपणा फारसा हलत नाही, मात्र ओढल्यावर तुटेपर्यंत ताणण्याची क्षमता झपाट्याने घसरते. साच्यात दोन प्रवाह जिथे मिळतात त्या रेषेवर वस्तू फुटते. बादलीच्या कडीचा कान तुटतो तो बहुधा इथेच. इथिलीन-ऑक्टीनचे रबरासारखे इलॅस्टोमर ३ ते १० टक्के घालून हे सांधता येतं, पण ते मूळ मालापेक्षा महाग असतात आणि वस्तू मऊ करतात. त्यापेक्षा पॉलिइथिलीन आत येऊच न देणं बरं.

ते आत येतं कशामुळे? धुण्याच्या टाकीत दोन्ही तरंगतात म्हणून. पेट, पीव्हीसी, पॉलिस्टायरीन बुडतात, ते सहज वेगळे होतात, पीपी ०.९० आणि एचडीपीई (जास्त घनतेचं, कडक पॉलिइथिलीन) ०.९५ हे दोघं पाण्यावर शेजारी-शेजारी तरंगत राहतात. प्रयोगशाळेत पाणी आणि अल्कोहोल मिसळून ०.९२५ घनतेचा द्रव केला तर पीपी वर राहतो आणि एचडीपीई खाली जातो. कारखान्यात टनांनी हे करणं आगीला आमंत्रण आहे. गंमत म्हणजे काही पीपीही बुडतो: २० टक्के टाल्क (शंखजिऱ्याची पूड) घातलेल्या मालाची घनता १.०४ च्या वर जाते आणि तो पीव्हीसीच्या सोबत गाळात जाऊन वाया जातो. म्हणून खरी निवड टाकीच्या आधी, वस्तू अखंड असतानाच करावी लागते. इन्फ्रारेड यंत्र पट्ट्यावरून जाणाऱ्या वस्तूवर प्रकाश टाकून पॉलिमर ओळखतं. जिथे यंत्र नाही तिथे अनुभवी हात ओळखतात: पॉलिइथिलीनवर नख उमटतं, पीपीवर सहसा उमटत नाही, पीपी टिचकीला खणखणीत वाजतो. एकदा दळून तुकडे केले की ना हात ओळखू शकतो ना टाकी. तुकड्यांची निवड करणारी यंत्रं आहेत, पण महाग आणि सावकाश.

इन्फ्रारेड यंत्राला न दिसणारी एक गोष्ट म्हणजे काळा रंग. काजळीचं रंगद्रव्य प्रकाश गिळतं, सेन्सरकडे काहीच परतत नाही, आणि काळा डबा 'न ओळखलेला' म्हणून बाजूला पडतो. या डब्याला काळं असण्याची गरज नसते. इन्फ्रारेडला पारदर्शक असे काळे रंग उपलब्ध आहेत. न रंगवलेला डबा तर त्याहून चांगला. एका आराखडाकाराने निवडलेला रंग हजारो टन मालाचं भवितव्य ठरवतो, आणि त्याच्या वजनाचा हिशेब कुठल्याही टक्क्यात येत नाही. लेबलचंही तसंच. पीपीच्या डब्याला पीपीचंच लेबल असेल तर पॉलिमर एक राहतो. कागदाचं लेबल धुण्यात तंतू होऊन दाण्यात शिरतं. नायट्रोसेल्युलोजच्या शाईने छापलेलं असेल तर ती शाई एक्सट्रूडरच्या उष्णतेत विघटित होऊन वायू सोडते, दाण्यात बुडबुडे येतात आणि माल पिवळट पडतो. ॲल्युमिनियमचं चिकट झाकण अर्धं डब्यालाच राहिलं की त्याचे कण जाळीत अडकतात.

जाळीची गोष्ट जरा जवळून पाहण्यासारखी आहे. धुतलेले, साधारण १० मिलिमीटरचे तुकडे एक्सट्रूडरमध्ये २०० ते २४० अंशांना वितळतात, निर्वाताच्या तोंडातून ओलावा आणि वायू बाहेर ओढले जातात, आणि मग वितळ १०० ते १५० मायक्रॉनच्या जाळीतून जाते. माल नीट धुतलेला नसेल तर जाळी लवकर तुंबते. जाळीमागचा दाब चढतो, स्क्रू जास्त घुसळतो, वितळेचं तापमान ठरवल्यापेक्षा वर जातं आणि साखळ्या तुटतात. उत्पादन घटलं म्हणून पाळीवरचा माणूस बारीक जाळी काढून जाड लावतो. लगेच दाब उतरतो, टन वाढतात, टक्क्याचं लक्ष्य पूर्ण होतं. आणि दाण्यात वाळू, कागदाचा कोळसा, ॲल्युमिनियमचे कण पुढे जातात. त्या दाण्याची पातळ भिंतीची वस्तू केली की प्रत्येक कण तडा सुरू होण्याची जागा बनतो. जाड भिंतीच्या पॅलेटमध्ये, म्हणजे गोदामात माल रचायच्या फळीत, तेच कण निभावून जातात. मालाची प्रत आणि वस्तू यांची गाठ जुळवणं म्हणतात ते हेच.

धुण्यात काटकसर करणं असंच अंगाशी येतं. थंड पाण्याने माती जाते. तेल आणि गोंद जायला ६० ते ८० अंशांचं पाणी, सौम्य कॉस्टिक किंवा डिटर्जंट आणि घासणारं यंत्र लागतं. नंतर तुकडे इतके कोरडे करावे लागतात की ओलावा एका टक्क्याखाली यावा, नाहीतर वस्तूवर चंदेरी रेघा उमटतात. धुण्याचं पाणी गाळून फिरवलं पाहिजे. ते तसंच सोडलं तर बारीक प्लास्टिक नाल्यात जातं, आणि मग रीसायकलिंगचं पुण्य कुठे राहिलं?

इतकं करूनही वास राहतो. पीपी तेलाचा मित्र आहे. शाम्पू-डिटर्जंटमधला लिमोनीन, खाद्यतेलातली स्निग्धाम्लं, तुटलेल्या साखळ्यांतून तयार झालेली अल्डिहाइड्स, सगळं भिंतीत मुरतं आणि धुण्याने निघत नाही. तयार दाण्यातून १०० ते १२० अंशांची हवा कित्येक तास फिरवली तर बराच वास जातो. याला वीज लागते, म्हणून हे टाळलं जातं, आणि वर सुगंध टाकून झाकलं जातं. सुगंध मिसळलेला दाणा विकणाऱ्याने ते लिहून द्यावं, अशी सक्ती असायला हवी.

अन्नाला लागणाऱ्या वेष्टनांचा प्रश्न याच मुरण्यातून येतो. युरोपीय संघाच्या २०२२ च्या नियमाने पेटच्या यांत्रिक रीसायकलिंगला योग्य तंत्रज्ञान म्हणून मान्यता दिली. घराघरांतून गोळा झालेल्या पीपीला त्या यादीत तशी जागा मिळाली नाही; फक्त बंद, नियंत्रित साखळीत फिरणाऱ्या वस्तूंना, उदाहरणार्थ एकाच व्यवस्थेत जाऊन परत येणाऱ्या क्रेटना, वाट ठेवली. अमेरिकेत एकेका प्रक्रियेला तपासून अनाक्षेपाचं पत्र दिलं जातं. सावधगिरी रास्त आहे, कारण त्याच डब्यात नंतर कुणी कीटकनाशक ठेवलं होतं का हे दाण्याला विचारता येत नाही. पण १० टक्क्यांचं लक्ष्य एकीकडे आणि मान्य वाट जवळपास नाही दुसरीकडे, या कात्रीत उद्योग पायरोलिसिसकडे वळतो. तिथे प्लास्टिकचं तेल होतं, ते कच्च्या तेलाच्या प्रचंड प्रवाहात मिसळतं, आणि कोणत्या दाण्यात रीसायकलचा हिस्सा गेला हे हिशेबाच्या वहीत वाटलं जातं. ज्या मिश्र फिल्मचं दुसरं काही होत नाही तिच्यासाठी ही वाट असू द्या. स्वच्छ, एकाच पॉलिमरचे डबे त्या भट्टीत घालणं मला उधळपट्टी वाटते.

टक्क्याची आणखी एक पळवाट वजनातच दडलेली आहे. विणलेल्या पोत्यांत आणि काही खुर्च्यांत कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं. अशा मालात १५ टक्के चुनखडी असेल तर १०० किलो 'रीसायकल प्लास्टिक' मोजताना १५ किलो दगड मोजला जातो. तपासणं अवघड नाही: वजन केलेला नमुना ६०० अंशांच्या भट्टीत जाळायचा आणि उरलेली राख तोलायची. तापमान त्याहून फार वर नेऊ नये, नाहीतर कार्बोनेटचाच कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुनखडी आहे त्यापेक्षा ४४ टक्क्यांपर्यंत कमी दिसते. पॉलिइथिलीन डीएससी यंत्रात, म्हणजे नमुना तापवत कोणत्या तापमानाला काय वितळतं ते आलेखावर दाखवणाऱ्या यंत्रात, पकडता येतं. १६० च्या पुढच्या पीपीच्या शिखराआधी १२५ ते १३० अंशांच्या आसपास छोटं शिखर दिसतं.

मात्र माल खरोखर पुनर्वापराचा आहे का, हे खात्रीने सांगणारी चाचणी नाही. उत्पादकाकडून प्रतीत न बसल्याने स्वस्तात निघालेला नवा दाणा रंगवून रीसायकल म्हणून विकला, तर यंत्राला तो फक्त चांगला पीपी दिसतो. जिथे कायद्याने टक्का सक्तीचा होतो आणि रीसायकल दाणा नव्यापेक्षा महाग पडतो, तिथे हा मोह वाढणारच. म्हणून प्रमाणपत्र शेवटच्या विक्रेत्यापाशी सुरू होऊन चालणार नाही. गठ्ठा कुठे बांधला गेला, किती वजन आत आलं, धुण्यात-निवडण्यात किती घट झाली, किती दाणा बाहेर पडला, हे एकमेकांशी जुळलं पाहिजे. घाणेरड्या गठ्ठ्यातून आलेला माल शून्य घटीने बाहेर पडला, असं वहीत दिसलं की तिथेच थांबून विचारपूस करायची.

चांगल्या वापराची उदाहरणं आहेतच. शिसे-आम्ल बॅटरी फोडली की पेटीचा पीपी पाण्यावर तरंगतो, शिसं तळाला जातं. तो पीपी बराचसा एकाच प्रकारचा कोपॉलिमर (इथिलीन जोडून केलेला पीपी) असल्याने धुऊन पुन्हा पेटीसाठीच जातो. शिशाचा अंश राहण्याचा धोका असल्याने तो खेळण्यांत किंवा अन्नाच्या डब्यात जाता कामा नये, आणि म्हणूनच त्याची ओळख टिकणं महत्त्वाचं. पॅलेट, रंगाच्या बादल्या, कुंड्या, मोटारीच्या चाकामागचं अस्तर, जमिनीखालची निचरा-पेटी, सळईखाली ठेवायचे स्पेसर, अशा जाड, गडद, घरात न ठेवायच्या वस्तूंना रीसायकल पीपी उत्तम. उन्हात राहणार असेल तर एचएएलएस प्रकारचं, उन्हापासून साखळ्या वाचवणारं स्थिरक घालावं लागतं, आणि दर वितळीच्या वेळी हजारात एक-दोन भाग ताजं अँटिऑक्सिडंट. जुनं मागच्या फेरीत खर्च झालेलं असतं. थंडीत पडणार-आपटणार असेल तर होमोपॉलिमर चालणार नाही, तो शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होतो. रबरी भाग असलेला इम्पॅक्ट कोपॉलिमर हवा. डब्याचा डबाच झाला पाहिजे, नाहीतर ते 'खालच्या दर्जाचं' रीसायकलिंग, असं म्हणणारे लोक हे विसरतात की वर्षानुवर्षं टिकणारी पॅलेट काही महिन्यांत कचऱ्यात जाणाऱ्या कपापेक्षा त्या दाण्याचा अधिक चांगला उपयोग करते.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. प्रत मागितली की चाचण्या आल्या, चाचण्या आल्या की खर्च आला, आणि हातांनी निवड करणारे छोटे व्यावसायिक बाहेर फेकले जातील. भीती खरी आहे. पण मेल्ट फ्लोचं यंत्र आणि राखेची भट्टी ही एक्सट्रूडरच्या तुलनेत छोटी खरेदी आहे, आणि अनेकांत मिळून एक ठेवता येते. डीएससी भाड्याने करून घेता येतं. शिवाय आज प्रत विचारली जात नाही म्हणूनच काळजीपूर्वक निवडणाऱ्याला आणि सगळं एकत्र दळणाऱ्याला जवळपास सारखाच भाव मिळतो. झाकणं वेगळी, कप वेगळे, पोती वेगळी करणाऱ्या हाताचं कौशल्य मोलाचं ठरायचं, तर दाण्याच्या गोणीवर त्या कौशल्याचा आकडा दिसला पाहिजे. युरोपच्या नव्या नियमावलीत वेष्टनांना रीसायकल होण्याच्या क्षमतेवरून अ, ब, क अशा श्रेणी देण्याची तरतूद आहे, ती याच दिशेची. दाण्यालाही तशीच श्रेणी हवी.

सरकारी खरेदीपासून हे उद्या सुरू करता येईल, कायदा बदलायची वाट न बघता. कचऱ्याच्या पेट्या, क्रेट, बाकं यांच्या निविदेत 'किमान ५० टक्के रीसायकल' एवढंच लिहिलेलं असतं. त्याऐवजी लिहावं: मेल्ट फ्लो १० ते १४ आणि सलग बॅचमध्ये फरक २ पेक्षा जास्त नाही, पॉलिइथिलीन ५ टक्क्यांखाली, राख ३ टक्क्यांखाली, आणि टक्केवारी राख वजा करून मोजलेली, गाळणीची जाळी १५० मायक्रॉन किंवा बारीक, खाच पाडलेल्या नमुन्याची आघात-चाचणी खोलीच्या तापमानाला आणि शून्य अंशाला, मालाचा उगम गठ्ठ्यापर्यंत. वस्तू बदलली की आकडे बदलतील, कुंडीला राख १० टक्के असली तरी बिघडत नाही. प्रत्येक बॅचचा एक किलो दाणा सीलबंद करून हमीच्या मुदतीपर्यंत ठेवायला लावावा, म्हणजे दोन उन्हाळ्यांनी पेटी तडकली तर दोष दाण्याचा, साच्याचा की स्थिरकाचा, हे तपासायला हातात काहीतरी असेल.